नागपूर व विदर्भातील विद्यापीठीय कृषी संशोधन

नागपूर व विदर्भातील विद्यापीठीय कृषी संशोधन म्हणजे विदर्भातील अकरा जिल्ह्यांच्या शेतीसाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला, तसेच त्याची महाविद्यालये व संशोधन केंद्रे यांनी पिकांचे वाण, मशागत, पीकसंरक्षण, मृद्‌संधारण आणि शेतीची अवजारे या क्षेत्रांत केलेले कार्य होय. या कार्याचा उगम नागपूर येथील कृषी महाविद्यालयात (स्थापना १९०६) आहे. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थाही आहेत. विद्यापीठाचे बरेचसे काम त्यांच्या सहकार्याने चालते.

विदर्भातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. पश्चिमेस बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेस गडचिरोलीकडे तो १,३०० मिलिमीटरच्या पुढे जातो. त्यामुळे एकाच विद्यापीठाला एका टोकास कापूस, सोयाबीन व तूर आणि दुसऱ्या टोकास धान, असे दोन वेगळ्या प्रकृतींचे प्रदेश सांभाळावे लागतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणत्याही संशोधनाची पहिली कसोटी सर्वाधिक उत्पन्न ही नसून, पाऊस चुकला तरी घातलेला पैसा अंगावर येतो की नाही, ही असते. या प्रदेशातील संशोधनाचा इतिहास या कसोटीवर वाचल्यास त्यातील यशापयश अधिक स्पष्ट होते.

इतिहास

१८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाड व नागपूर भागातील कापसाला त्यामुळे जवळची आणि दूरची अशा दोन्ही बाजारपेठा मिळाल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या शेतकी खात्यापुढील प्रारंभीचा मोठा प्रश्न कापसाचाच होता. गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. शेतकऱ्याला मात्र आखूड व जाड्याभरड्या धाग्याच्या, पण काटक आणि रुईचा उतारा अधिक देणाऱ्या देशी कापसातून जास्त पैसे मिळत. विसाव्या शतकाच्या आरंभी खात्याने निवड पद्धतीने पुढे आणलेला पांढऱ्या फुलांचा ‘रोझियम’ हा देशी वाण याच कारणाने लोकप्रिय झाला. संशोधन कोणासाठी, गिरणीसाठी की शेतकऱ्यासाठी, हा प्रश्न या प्रदेशात असा आरंभापासूनच उभा आहे.

नागपूरचे कृषी महाविद्यालय हे देशातील जुन्या कृषी महाविद्यालयांपैकी एक आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी ते संलग्न होते. भोसलेकालीन महाराजबाग आणि तेथील प्राणिसंग्रहालय यांचे व्यवस्थापन याच महाविद्यालयाकडे असल्याने, शेतीशी संबंध नसलेल्या अनेक नागपूरकरांना ते वाघ-बिबट्यांमुळे ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर देशात स्वतंत्र कृषी विद्यापीठांची कल्पना रुजली. पंतनगर येथे १९६० मध्ये पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ सुरू झाले. विदर्भासाठी वेगळे विद्यापीठ असावे यासाठी लोकांना आंदोलन करावे लागले. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) हे अमरावती जिल्ह्यातील पापळचे. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय कृषिमंत्री होते आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. विद्यापीठाच्या नावात पुढे ‘डॉ.’ व ‘देशमुख’ ही पदे जोडली गेली. जुन्या वाणांच्या नावांत ‘पीकेव्ही’ आणि नव्यांत ‘पीडीकेव्ही’ असा जो फरक दिसतो तो त्यामुळे. २००० मध्ये पशुवैद्यक व मत्स्य विषयांसाठी नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ वेगळे झाले.

प्रयोगापासून शेतापर्यंत

एखादा नवा वाण किंवा मशागतीची नवी पद्धत प्रथम विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर अनेक हंगाम तपासली जाते. नंतर वेगवेगळ्या केंद्रांवर आणि काही शेतकऱ्यांच्या शेतांवर तिच्या चाचण्या होतात. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती (प्रचलित नाव ‘जॉइंट ॲग्रेस्को’) दरवर्षी भरते. तेथे छाननी होऊन मान्यता मिळालेल्या निष्कर्षास ‘शिफारस’ म्हणतात.

वाणाच्या बाबतीत यापुढचा टप्पा बियाण्याचा. वाणाच्या निर्मात्याकडील शुद्ध बियाणे म्हणजे ‘पैदासकार बियाणे’. त्यापासून ‘पायाभूत’ आणि पायाभूतपासून ‘प्रमाणित’ बियाणे तयार होते. पिशवीवरील खूणचिठ्ठी अनुक्रमे पिवळी, पांढरी व निळी असते. १९७६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ (महाबीज) याचे मुख्यालय अकोल्यातच आहे. वाण प्रसारित झाला म्हणजे तो शेतकऱ्याला मिळाला असे होत नाही. पुरेसे पायाभूत बियाणे तयार न झाल्यास चांगला वाणही कागदावरच राहतो.

कापूस

विद्यापीठाच्या कापूस संशोधनाची दोन अंगे आहेत. एक देशी कापसाचे: ‘एकेए ५’, ‘एकेए ७’, ‘एकेए ८’ यांसारखे वाण रसशोषक किडींना आणि पाण्याच्या ताणाला तुलनेने चांगले तोंड देतात. दुसरे अमेरिकन कापसाचे: ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ हा संकरित वाण आणि ‘पीकेव्ही रजत’ हा सरळ वाण कोरडवाहू क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर पेरला गेला. सरळ आणि संकरित यांतील भेद शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे. सरळ वाणाचे बी घरी राखता येते, तर संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते.

२६ मार्च २००२ रोजी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील जनुकामुळे झाडातच बोंडअळ्यांना मारक असे प्रथिन तयार होते. दोन जनुके असलेले बियाणे २००६ पासून बाजारात आले. हे तंत्रज्ञान खाजगी कंपन्यांच्या संकरित वाणांतून आले. विद्यापीठाच्या लोकप्रिय वाणांत ते नव्हते, त्यामुळे काही वर्षांतच ते वाण बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ मध्ये बीटी जनुक आणून तो महाबीजच्या सहकार्याने पुन्हा शेतकऱ्यांपुढे आणण्यास पंधरा वर्षांच्या आसपास काळ गेला. सार्वजनिक संशोधनाच्या या विलंबाची किंमत विदर्भातील शेतकऱ्याने दरवर्षीच्या बियाणे खरेदीतून चुकती केली.

बीटी कापसामुळे हिरव्या बोंडअळीचा उपद्रव आरंभी लक्षणीय घटला. गुलाबी बोंडअळीने मात्र कालांतराने दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली. याची कारणे शेतातच होती. बीटी नसलेल्या कापसाच्या आश्रय-ओळी भोवती लावण्याचा नियम फारसा पाळला गेला नाही. दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि त्यावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत घेतलेली ‘फरदड’ यांमुळे अळीला सहा-सात महिने अन्न मिळत राहिले. वेचणी संपल्यावर पाणी देऊन त्याच झाडांपासून पुन्हा काढलेल्या कापसाला विदर्भात फरदड म्हणतात. एकदा खर्च झालेल्या शेतातून थोडेसे आणखी मिळावे, ही त्यामागील इच्छा समजण्यासारखी आहे. पण पुढील हंगामाची कीड तीच पोसते.

गुलाबी अळी बोंडाच्या आत राहत असल्याने बाहेरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून विद्यापीठ व केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा भर वेळीच ओळख आणि खंड पाडणे यांवर आहे. पाकळ्या न उघडलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या ‘डोमकळ्या’ तोडून अळीसह नष्ट करणे, हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून नर पतंग मोजणे, सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आढळले किंवा दहा टक्के फुले वा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली तरच रासायनिक उपाय योजणे, आरंभीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्क वापरणे, अळीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म परोपजीवी कीटकाची ‘ट्रायकोकार्डे’ लावणे आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत रिकामे करणे, अशा या शिफारशी आहेत. निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळी-भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर द्रावण करतात. निंबोळ्या उन्हाळ्यात बांधावरच मिळतात.

या शिफारशींचे महत्त्व २०१७ च्या खरिपात कठोरपणे दिसून आले. त्या वर्षी राज्यात गुलाबी बोंडअळीने कापसाचे प्रचंड नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, तर शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. उंच वाढलेल्या, दाटलेल्या पिकात डोक्याच्या वर नळी धरून, दमट हवेत, मुखपट्टी व हातमोज्यांशिवाय आणि अनेक औषधे एकत्र मिसळून केलेली फवारणी ही त्यामागील कारणे म्हणून पुढे आली. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. अनावश्यक फवारणी टाळण्याचे शास्त्र त्याआधीच उपलब्ध होते. मरण पावलेल्यांत रोजंदारीने फवारणी करणारे मजूर होते, आणि कृषिविस्ताराची व्यवस्था सातबारावर नाव असलेल्यापर्यंतच जेमतेम पोहोचते.

२०१० नंतर नागपूरच्या कापूस संस्थेने अतिघन लागवडीचा पुरस्कार केला. हलक्या, कोरडवाहू जमिनीत कमी मुदतीच्या व आटोपशीर वाढीच्या झाडांची हेक्टरी एक लाखाहून अधिक संख्या ठेवली, तर प्रत्येक झाडाला थोडीच बोंडे लागली तरी एकूण उत्पन्न भरून येते आणि पीक लवकर निघाल्याने गुलाबी अळीच्या तडाख्यातून सुटते, असे त्यामागील तत्त्व आहे. अकोल्याचा ‘एकेएच ०८१’ हा सरळ वाण या पद्धतीस अनुकूल ठरला.

धान आणि एचएमटी

पूर्व विदर्भातील धानासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही आणि भंडारा जिल्ह्यातील साकोली ही विद्यापीठाची महत्त्वाची केंद्रे होत. ‘एसवायई’ आणि ‘एसकेएल’ या अक्षरांनी सुरू होणारे वाण तेथले. मात्र या केंद्रांच्या इतिहासातील सर्वांत चर्चित नाव एका शेतकऱ्याचे आहे.

दादाजी खोब्रागडे हे नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक. शिक्षण प्राथमिक शाळेतील काही इयत्तांपुरते. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या शेतात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि पुढील काही हंगाम निवड करीत राहिले. बारीक दाण्याचा, शिजल्यावर मऊ व चवदार भात देणारा हा वाण आसपासच्या शेतकऱ्यांत पसरला. बाजारात आल्यावर व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळी प्रतिष्ठेच्या असलेल्या एचएमटी घड्याळाचे नाव दिले.

१९९४ मध्ये विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. त्यात खोब्रागडे यांना श्रेय मिळाले नाही. आपण मूळ बियाण्यावर शुद्धीकरणाचे काम केले, त्यामुळे हा वाण वेगळा आहे, अशी विद्यापीठाची भूमिका होती. शुद्धीकरण हे वाण-निर्मितीतील आवश्यक काम आहे, यात शंका नाही. मिश्र बियाण्यातून एकसारखी झाडे वेगळी काढल्याशिवाय ते हजारो शेतकऱ्यांना देता येत नाही. परंतु लाखो लोंब्यांतून त्या तीन लोंब्या ओळखणे हे त्याआधीचे आणि अधिक दुर्मीळ काम होते. नावातून ते वगळण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

शेतकऱ्यांनी विकसित केलेल्या वाणांची नोंद करण्याची तरतूद ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१’ या कायद्याने झाली. घरचे बियाणे राखणे, त्याची देवघेव करणे आणि छापील नावाविना ते विकणे हे शेतकऱ्याचे हक्कही त्यात मान्य झाले. ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित झाला तेव्हा हा कायदा अस्तित्वात नव्हता. खोब्रागडे यांना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये फोर्ब्स नियतकालिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’, ‘दीपक रत्न’, ‘डीआरके’ हे त्यांचे अन्य वाण. ३ जून २०१८ रोजी, आर्थिक ओढगस्तीतच, त्यांचे निधन झाले.

डाळी, सोयाबीन व तेलबिया

हरभऱ्यात इक्रिसॅटच्या सहकार्याने आलेला, मर रोगास प्रतिकारक ‘जाकी ९२१८’ हा वाण विदर्भात सर्वत्र पोहोचला. सोयाबीनमध्ये अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राचे ‘सुवर्ण सोया’ व ‘पीडीकेव्ही यलो गोल्ड’ हे वाण आहेत. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने त्याचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरज नाही. मात्र दाण्याचे आवरण नाजूक असते आणि मळणीत वा पोत्यांच्या थप्पीत ते दुखावते. म्हणून ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजण्याची सोपी चाचणी विद्यापीठ व कृषी विभाग दर उन्हाळ्यात शिकवितात. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरण्यायोग्य समजावे. ही चाचणी करणाऱ्याची दुबार पेरणीची शक्यता बिनखर्चात कमी होते.

नागपूर महाविद्यालयाची स्वतःची ओळख जवस व मोहरी या पिकांत आहे. जवसाच्या ‘एनएल ९७’, ‘एनएल २६०’ यांतील ‘एनएल’ म्हणजे नागपूरचे जवस, तर मोहरीच्या ‘एसीएन ९’ (शताब्दी) या नावात महाविद्यालयाचीच आद्याक्षरे आहेत. धान कापण्यापूर्वी बांध्यांतील ओलीवर जवस फेकून घेण्याची ‘उतेरा’ पद्धत पूर्व विदर्भात जुनी आहे. विदर्भातील जवसाचे क्षेत्र मात्र पूर्वीच्या मानाने फारच घटले आहे.

संत्रा

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाचे संशोधन विद्यापीठाचे काटोल येथील फळ संशोधन केंद्र आणि नागपूरची लिंबूवर्गीय फळे संस्था (स्थापना १९८५) यांत विभागलेले आहे. बागांचा मोठा शत्रू म्हणजे फायटोप्थोरा बुरशीमुळे होणारा ‘डिंक्या’ रोग. भारी काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी साचले की तो बळावतो. उपाय साधे आहेत: डोळा जमिनीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीवर भरलेली कलमे घेणे, खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करणे, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर खोडास बोर्डो मलम (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी) लावणे.

भारत-इस्रायल कृषी प्रकल्पांतर्गत नागपूर महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर लिंबूवर्गीय फळांचे गुणवत्ता केंद्र उभारले गेले. तेथे गादीवाफ्यावरील लागवड, ठिबक सिंचन आणि जवळचे अंतर यांची प्रात्यक्षिके होतात. पाण्याचा प्रश्न मात्र त्याहून मोठा आहे. वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्यासाठी विंधन विहिरी इतक्या खोल गेल्या की भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पलीकडे पोहोचला. ठिबक बसवून वाचलेले पाणी नव्या बागेला दिले गेल्यास भूजलाला काही लाभ होत नाही.

माती आणि पाणी

काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि उतारावर सहज वाहून जाते. उताराला आडवी, समपातळीतील पेरणी आणि उभ्या पिकाच्या ओळींमध्ये ठरावीक अंतरावर सऱ्या काढणे, ही कोरडवाहू संशोधनाची सर्वांत स्वस्त शिफारस आहे. पाऊस जागीच मुरतो आणि पावसातील खंडात पीक तग धरते. रुंद वरंबा-सरी पद्धतीत सोयाबीनचे बियाणेही कमी लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. विहिरीचे पाणी दिले तर जमीनच बिघडते. तेथे शेततळ्यातील पावसाचे पाणी, जिप्सम आणि हिरवळीची खते यांवर विद्यापीठाचा भर आहे.

अकोल्यात दीर्घकालीन खत प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याच वाफ्यांत चालू आहे. ज्वारी-गहू या पिकांखाली, कुठे केवळ नत्र, कुठे संतुलित खते, कुठे खतांसोबत शेणखत, असे प्रत्येक वाफ्याचे नशीब ठरलेले असते. केवळ नत्र दिलेल्या जमिनीचा कस उतरत जातो. संतुलित खतांसोबत शेणखत दिलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आणि उत्पादन दोन्ही टिकतात. हा निष्कर्ष दोन-तीन वर्षांच्या प्रयोगातून हाती लागला नसता.

अवजारे व प्रक्रिया

‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ हे विद्यापीठाचे सर्वाधिक पसरलेले यंत्र असावे. तूर स्वस्त विकून तिचीच डाळ महाग घेण्याऐवजी गावातच डाळ करता यावी, यासाठी ते घडविले गेले. अनेक महिला बचत गटांनी व शेतकऱ्यांनी ते चालवून पूरक उत्पन्न मिळविले. चुणी-भुसा गुरांना उपयोगी पडतो.

विस्तारकार्य आणि मर्यादा

कृषी विज्ञान केंद्रे, ‘कृषी पत्रिका’ मासिक, दरवर्षीची ‘कृषी संवादिनी’ आणि अकोल्याची ‘शिवार फेरी’ ही प्रसाराची साधने होत. शिवार फेरीत शेतकरी प्रक्षेत्रावर हिंडून पिके प्रत्यक्ष पाहतात आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. असे असले तरी गावातला रोजचा सल्लागार बहुधा कृषी सेवा केंद्राचा दुकानदारच असतो, आणि त्याचा नफा औषधाच्या विक्रीत असतो.

विद्यापीठात शास्त्रज्ञांची व कर्मचाऱ्यांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त आहेत. वाण तयार होण्यास दहा-बारा वर्षे लागतात. पैदासकार निवृत्त होऊन जागा रिकामी राहिली तर निवडीची साखळी तुटते. नागपुरात आणखी एक अडचण जागेची आहे. महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा शहराच्या कडेला असलेली त्याची प्रक्षेत्रे आता वस्ती व रस्त्यांनी वेढली गेली आहेत, आणि या जमिनी शहरातील अन्य प्रकल्पांसाठी वापरण्याचे प्रस्ताव वेळोवेळी पुढे येतात. ज्या वाफ्याची अनेक वर्षांची पीक व खतांची नोंद उपलब्ध आहे, त्याला पर्यायी जमीन दिली तरी ती नोंद नव्या जमिनीला लागू होत नाही.